मॉर्गनसाहेबांच्या तबेल्यातील वीज

न्यूयॉर्कचे धनको जे. पी. मॉर्गन यांनी १८८२ साली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील आपल्या घरी एडिसनचे दिवे लावले. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले खरे. पण त्याच्या तारा व्यापारपेठेच्या पलीकडे जात नव्हत्या. म्हणून तबेल्याखाली तळघर खणून तेथे बाष्पयंत्र नि जनित्र बसविण्यात आले. यंत्रचालक दुपारी ३ वाजता येई आणि रात्री ११ वाजता यंत्र थांबवी. घड्याळाकडे लक्ष नसलेल्या पाहुण्यांची त्रेधा काय वर्णावी! यंत्राच्या धक्क्यांनी शेजारचे घर हादरे, तेव्हा त्याखाली रबर घालावे लागले.

मोठ्या केंद्रात अनेक यंत्रे एकमेकांना सावरून घेतात. एकट्या यंत्रावर भार अकस्मात वाढला, की त्याची गती मंदावते, विजेचा दाब उतरतो आणि दिवे मलूल होतात. गतिनियंत्रक वाफ वाढवितो, पण किंचित उशिरानेच. आज सौरपटले व बॅटऱ्यांवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या इमारतीतही मोठा पंप सुरू होताच दिवे क्षणभर दचकू शकतात. तेथे बाष्पयंत्र नसले, तरी इन्व्हर्टरची शक्ती मोजकीच.

मॉर्गन यांच्या ग्रंथदालनात तर विजेच्या तारेमुळे मेजच जळाले. त्यांनी तारा नव्याने घालून घेतल्या. दिवे मात्र काढले नाहीत.