एकाच छायाचित्राच्या पाच प्रती

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मंडळाची जुनी छायाचित्रे एकत्र करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. माझी शाळा सातवीपर्यंतच. तरी ते पार पडले. त्यातून जो थोडा इतिहास कळला, तो भगिनींपुढे मांडते.

माझ्या लग्नात कॅमेऱ्यात रोल घालीत. एका रोलात 36 छायाचित्रे. म्हणून बटण मोजूनमापून दाबले जाई. रोलावाचून चालणारा डिजिटल कॅमेरा अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली बनविला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरावयास त्याला 23 सेकंद लागत. 1992 साली चित्र थोड्या जागेत बसविण्याची जेपेग ही रीत ठरली. पुढे कॅमेरा मोबाइलमध्ये आला, 2009 साली व्हॉट्सॲप निघाले, आणि एकच चित्र घरोघर जाऊ लागले.

आमचा घोटाळा इथेच झाला. चौघींचे मोबाइल, एक जुना संगणक व दोन सीडी, एवढे सारे भाचीने एका डिस्कवर उतरविले. एकच हळदीकुंकू पाच पाच वेळा दिसू लागले! तिने दुहेरी प्रती शोधणारा प्रोग्रॅम लावला. तो प्रत्येक फाइलीतील आकड्यांवरून एक खूण काढतो. खूण जुळली की प्रत तीच. एक ठेवून बाकीच्या निर्धास्त पुसाव्या. परंतु व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र वाटेत आकसते, काढल्याची तारीखही गळते. मग खूण जुळत नाही. तिथे आपणच निवडावे, आणि तारखेची मोठी फाइल ठेवावी.

अशाच निवडीत माझ्या हातून चूक झाली. सहलीची दोन चित्रे मला सारखीच वाटली. मी एक पुसून टाकले. रात्री चैन पडेना. सकाळी मूळ सीडी लावून पाहिली. पुसलेल्या चित्रात आमच्या दिवंगत अध्यक्षाबाई कडेला उभ्या राहून हसत होत्या. राहिलेल्या चित्रात त्या नव्हत्या, कारण ते त्यांनीच काढले होते! त्यांचे दुसरे एकही छायाचित्र मंडळाकडे नाही.

तांदूळ निवडताना खड्याबरोबर दाणा जाऊ नये, एवढे आपण सगळ्या जाणतो. इथेही तेच. मूळ संग्रहाला हात न लावता प्रतीवरच काम करावे, आणि पुसण्यापूर्वी चेहरे मोजावे.

ती दोन्ही चित्रे या अंकात शेजारी शेजारी दिली आहेत. खालच्या नावांत चूक आढळल्यास भगिनींनी जरूर कळवावे.