कौलांवरचा अँटेना

महाराष्ट्रातील दूरचित्रवाणीचा इतिहास सांगणारे बहुधा २ ऑक्टोबर १९७२ या दिवसापासून आरंभ करतात. वरळीचे केंद्र, पहिल्या निवेदिका, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, मग रंगीत चित्र आणि मग मालिका, अशा क्रमाने ती कथा पुढे सरकते. ही कथा खोटी नाही, पण ती अर्धी आहे. प्रक्षेपण हे सरकारचे काम होते; ग्रहण मात्र ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करायचे होते. मनोऱ्याच्या टोकाशी सरकारी अंदाजपत्रकाची हद्द संपे आणि तेथून पुढचा सारा मुलूख, म्हणजे डोंगर, गच्ची, कौले, काठी, तार आणि तारेच्या टोकाचे दोन स्क्रू, ग्राहकाच्या खिशाच्या अमलाखाली येई. या मुलखाची बखर कोणी लिहिली नाही, कारण तिचे नायक पुण्याच्या टापकीर गल्लीतून वायरचे भेंडोळे खांद्यावर टाकून सायकलीने निघणारे कारागीर आणि छपरावर चढलेली घरातली थोरली मुले हे होते.

मुंबईमागोमाग १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि मुंबईचे चित्र पुण्यास दिसू लागले. गडाची निवड करणाऱ्यांनी मावळ्यांच्याच नजरेने मुलूख पाहिला असावा असे वाटते. दूरचित्रवाणीच्या लहरी दृष्टीप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. गडाचा माथा पुण्याच्या पठाराहून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्यामुळे मध्ये डोंगर न आल्यास शंभर किलोमीटरांच्या पलीकडेही त्याची नजर पोचते. परंतु मध्ये डोंगर न येणे ही गोष्ट सह्याद्रीच्या परिसरात दुर्मिळच. एका गावच्या वरच्या आळीत स्वच्छ चित्र आणि ओढ्याकाठच्या खालच्या आळीत पडद्यावर नुसत्या मुंग्या, हा भेद कोणत्याही सामाजिक व्यवस्थेने नव्हे, तर केवळ भूगोलाने निर्माण केला होता. शेतकऱ्यांसाठी तयार होणारा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम दीर्घकाळ मुख्यतः मुंबई-पुण्याच्या टप्प्यातील बिनशेतीच्या माणसांनी पाहिला, यातला विनोद त्या काळी फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा. १९७५-७६ साली उपग्रहावरून २,४०० खेड्यांना थेट चित्र दाखवण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, ज्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या छत्र्या खेडोपाडी उभारल्या गेल्या, त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. आपल्या वाट्याला आला तो नळ्यांचा अँटेना.

या अँटेनाचे कूळ जपानी आहे. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी, हिदेत्सुगु यागी यांच्या सहकार्याने, १९२६ च्या सुमारास तो सिद्ध केला. त्याची स्वदेशात इतकी उपेक्षा झाली की १९४२ साली सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांच्या कागदपत्रांत ‘यागी’ हा शब्द वाचून जपानी अधिकारी बुचकळ्यात पडले, आणि ते तुमच्याच प्राध्यापकाचे नाव आहे हे त्यांना एका युद्धकैद्याकडून कळले, अशी हकीकत नमूद आहे. त्याची रचना इतकी साधी की लोहाराच्या नसली तरी सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या आवाक्यातली खास. एका आडव्या दांडीवर मागे एक लांब नळी, मध्ये दुमडलेली नळी, जिच्या दोन टोकांना तार जोडायची, आणि पुढे उतरत्या लांबीच्या एक-दोन नळ्या. दीडशेला लहरींच्या मेगाहर्ट्‌झमधील आकड्याने भागले की अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आरंभीच्या खालच्या पट्ट्यातील वाहिन्यांसाठी ती दोन ते तीन मीटर भरे, आणि म्हणूनच जुन्या छायाचित्रांतील चाळींच्या छपरांवर ते ॲल्युमिनियमचे प्रचंड सांगाडे दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत तयार अँटेना मिळत. पण नळ्या तोलून घेऊन घरी कापणारेही पुष्कळ होते, आणि माप बरोबर असेल तर लहरींना छापाचा अँटेना आणि घरचा अँटेना यांत पंक्तिप्रपंच करता येत नसे.

खर्चाचा खरा प्रश्न उंचीचा होता. जमिनीलगत, या लहरींच्या बाबतीत, अँटेनाची उंची दुप्पट केली तर हाती येणाऱ्या लहरींचे बळही साधारण दुप्पट होते. जे साधण्यासाठी प्रक्षेपकाची शक्ती चौपट करावी लागली असती ते बारा फुटी बांबूच्या जागी चोवीस फुटी बांबू बांधून साधे. गॅल्व्हनाइज्ड नळ महाग, म्हणून बांबू. बांबू दोन पावसाळ्यांत कुजे, म्हणून त्याच्या बुडाला डांबर. वाऱ्याने तो डोलू नये म्हणून तीन दिशांना तणावे, आणि त्यांपैकी एखादा तणावा शेजाऱ्याच्या कौलांना बांधावा लागे, तेव्हा त्या निमित्ताने जुने वैर मिटे किंवा नवे सुरू होई.

चित्र गेले की घरातील पहिला संशय संचावर जाई, कारण संच ही महागाची वस्तू आणि माणसाची भीती नेहमी महागाच्या वस्तूभोवतीच घोटाळते. जाणता कारागीर मात्र आधी छपराकडे पाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्याच्याकडे येणाऱ्या बोलावण्यांपैकी बहुतेकांचे कारण एकच असे. दुमडलेल्या नळीच्या टोकाशी, जेथे ॲल्युमिनियमवर तांब्याची तार स्क्रूने आवळलेली असते तेथे, पाण्याचा थेंब साचला की दोन धातूंच्या मध्ये सूक्ष्म विद्युत्क्रिया सुरू होते आणि चुन्यासारखी पांढरी भुकटी धरते. कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे हेच काम पावसाची वाटही न पाहता होते. तार जागेवर दिसते, स्क्रू घट्ट लागतो, पण लहरी त्या भुकटीशी अडतात. यावर इलाज असा: तार सोडून चार बोटे मागे कापायची, नवे तांबे उघडे करायचे, नळीचे टोक पॉलिश कागदाने चकचकीत घासायचे, गंजलेला स्क्रू टाकून पितळेचा वायसरसकट लावायचा आणि वर मेणबत्तीचे मेण ओतायचे. सामानाचा खर्च चहाच्या दोन कपांइतका. त्यानंतर चपटी तार भिंतीला किंवा पन्हळीला चिकटली असेल तर ती वीतभर दूर धरायची, कारण दोन तारांची ती रिबन ओल्या पत्र्यालगत गेली की मिळवलेले सारे वाटेतच गमावते; आणि तिला मधूनमधून पीळ द्यायचा, जेणेकरून ती वाऱ्याने फडफडणार नाही आणि वाटेतली खरखर दोन्ही तारांवर सारखी पडून परस्पर फिटेल.

मग दिशा लावण्याचा सोहळा. वर कारागीर, जिन्यात निरोप्या, खाली संचासमोर घरातली बाई.

“वहिनी, आलं का?”

“आलं, आलं! …गेलं बघा.”

“आता?”

“मघाशी होतं तसंच ठेवा ना!”

हे ‘मघाशी’ नेमके कोठे होते हे हात न कापता शोधणे, हीच त्या धंद्यातील विद्या. शहरात मुंग्यांपेक्षा दुहेरी चित्राचा जाच अधिक. उंच इमारतीवर आपटून उशिरा पोचलेली लहर मूळ चित्राच्या उजव्या अंगाला त्याची फिकट सावली उमटवते. वीस इंची पडद्यावर एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे सुमारे पाऊण सेंटिमीटर, आणि तेवढ्या वेळात लहर तीनशे मीटर जाते. तेव्हा सावली दीड सेंटिमीटर बाजूला असेल तर तिने सहाशे मीटरांचा वळसा घेतला हे ठरलेलेच. हे गणित कारागीर मांडत नसत, पण पडद्याकडे एक नजर टाकून ‘ती पाण्याची टाकी नडतेय’ असे म्हणणारे होते, आणि अँटेनाची पाठ त्या टाकीकडे येईल असा तो फिरवला की सावली विरून जाई; मग मूळ चित्र थोडे फिकट झाले तरी चाले.

त्या काळी संचाला परवाना लागे. तो टपालकचेरीतून घ्यायचा आणि दरसाल शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करायचे. घरातला संच पडद्याआड लपवता येई, पण छपरावरील नळ्यांचा सांगाडा हा तपासनिसाला रस्त्यावरूनच दिसणारा पुरावा होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास हा परवाना रद्द झाला.

या साऱ्या काटकसरीच्या परंपरेत एकच गोष्ट मला सदैव उधळपट्टीची वाटत आली आहे, ती म्हणजे बूस्टर. लाल दिव्याची ती डबी दुकानदाराने सर्व रोगांवरील मात्रा म्हणून विकली, आणि कित्येकांनी ती संचाशेजारी, टेबलावर मांडली. बूस्टर लहरी वाढवतो तसाच खरखरही वाढवतो. कुजलेल्या जोडातून आणि चाळीस फूट जुन्या तारेतून जे खाली पोचलेच नाही ते तो कोठून आणणार? त्याची जागा वर, अँटेनाच्या खांबावर, तार सुरू होण्यापूर्वी. तेथे बसवलेला बूस्टर टप्प्याच्या कडेवरील गावांत खरोखर उपयोगी पडला. पण ज्या घरांना दहा फूट उंची आणि एक नवा स्क्रू पुरला असता त्यांनीही आठवड्याचा भाजीपाला त्या डबीत घातला.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये ‘इन्सॅट-१बी’ अंतराळात गेला आणि १९८४ साली देशात काही महिने जवळजवळ दररोज एक याप्रमाणे लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. तालुक्या-जिल्ह्याच्या गावी चित्र आले. परंतु हे शंभर वॉटचे प्रक्षेपक उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उचलीत. त्यामुळे ज्यांना सिंहगड किंवा मुंबई जेमतेम लागत असे अशा घरांत एकाच बांबूवर दोन अँटेना आले: जवळच्या प्रक्षेपकासाठी बहुधा दीड हाताच्या नळ्यांचा छोटा, आणि शनिवारच्या मराठी चित्रपटासाठी वर तो जुना लांबलचक. दिल्लीचे चित्र काचेसारखे आणि मराठीचे मुंग्यांचे, तरीही खाली संचामागे तार बदलण्याचे काम मुलांकडे नेमून दिलेले असे. पुढे मुंबईचे मराठी कार्यक्रमही उपग्रहावरून राज्यभर जाऊ लागले, तेव्हा वरचा अँटेना निरुद्योगी झाला. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले आणि शनिवारी बिघडलेल्या संचाची निकड औषधपाण्याच्या निकडीच्या तोडीची झाली.

किनाऱ्यावर आकाशाचे आणखी एक खाते होते. चैत्र-वैशाखात अरबी समुद्रावर उष्ण आणि दमट हवेचे थर असे बसतात की लहरी त्यांच्यामधून नळातल्या पाण्याप्रमाणे दूरवर वाहतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईस बसवलेल्या रडारला हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत, ते याच कारणाने. कराचीचे चित्र बांबूवर आल्याच्या आठवणी मुंबईच्या किनारपट्टीत आजही सांगितल्या जातात, आणि त्यांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

१९९० नंतर केबल आली; मुंबई केंद्राच्या विसाव्या वर्धापनदिनीच, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी वाहिनी सुरू झाली; आणि गच्चीवरचे सांगाडे किलोच्या भावाने भंगारात गेले. चित्र गेले तर आता छपराकडे कोणी पाहत नव्हते. दरमहा तगादा करणाऱ्या केबलवाल्याला निरोप धाडला की झाले. ज्यांना तो दरमहाचा आकडा परवडत नव्हता त्यांच्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने उपग्रहावरून मासिक शुल्काविना सेवा सुरू केली, जिला पुढे ‘फ्री डिश’ हे नाव मिळाले, आणि छपराची विद्या पुन्हा कामास आली. छत्रीचे तोंड महाराष्ट्रातून आग्नेयेस, क्षितिजावर सुमारे साठ अंशांवर लावायचे. जुन्या अँटेनाला वीतभर चूक खपे, येथे बोटभर खपत नाही. दरम्यान २०२२ पर्यंत जुने लघुशक्ती प्रक्षेपक बहुतांशी बंद झाले.

छत्रीचेही रोग बहुतेक जुनेच आहेत: वायरच्या टोकाच्या पिनेत शिरलेले पाणी, वाऱ्याने ढिला झालेला नट, मध्ये वाढलेली आंब्याची फांदी. एक मात्र नवा आहे. या लहरी इतक्या आखूड की मुसळधार पाऊस त्यांना वाटेतच शोषून घेतो, आणि सर ओसरली की चित्र आपोआप येते. म्हणून अनुभवी कारागीर भर पावसातले बोलावणे आदराने ऐकून घेतो, पत्ता लिहून घेतो आणि निघतो मात्र तासाभराने. तोवर बहुधा ‘येऊ नका, आलं’ असा दुसरा फोन आलेला असतो, आणि नसला तर पिनेत पाणी शिरले आहे असे समजून तो खिशात नवी पिन टाकतो.