कोटितीर्थावरचा उजेड

पाण्यावरची पानंफुलं आणि त्यांच्यावर हलणारा उजेड रंगात पकडायची रीत म्हटली की फ्रेंच चित्रकार मोने आठवतो. त्याची कमळचित्रं १९२७ साली पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात लागली. पण कोल्हापुरातल्या या रितीचं कूळ शोधायला पॅरिस गाठायची गरज नाही. शाहू मिलजवळच्या कोटितीर्थ तळ्यावर जावं.

तिथं चित्रकार आबालाल रहिमान बसत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, १८८८ साली व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवलेले. मुंबईत राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रं केली असती तर पैशाला तोटा नव्हता. ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि तळ्याकाठची तीच झाडं, तेच पाणी वेगवेगळ्या प्रहरी, वेगवेगळ्या ऋतूंत रंगवत राहिले.

जे. जे.ची शिकवण अशी, की आधी आकार पक्का करायचा, मग छायाप्रकाश, रंग शेवटी. पण आबालालांच्या निसर्गचित्राला नाक लावून पाहा, पान सापडत नाही. हिरव्याशेजारी पिवळा, त्याला टेकून निळसर जांभळा, असे सुटे फटकारे. सावलीसुद्धा रंगीत. चार पावलं मागं सरलं की झाड उभं राहतं आणि दिवसाची वेळही कळते. मोनेची चित्रं पाहून हे आलं असेल, असं मला अजिबात वाटत नाही. एकाच पाण्याकडं वर्षानुवर्षं बघणाऱ्याला झाड जागचं हलत नाही पण रंग दर घटकेला बदलतो, हे दिसणारच. त्यांनी तेवढंच प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तेही गेले. एवढं बुडूनही रीत बुडाली नाही, याचं मला फार मोल वाटतं. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर, पुढं रवींद्र मेस्त्री, प्रत्येकानं ती आपापल्या हातानं वळवली. बाबूरावांच्या तालमीतले चंद्रकांत मांडरे तर सिनेमाचे नायक. तरी निसर्गचित्रं त्यांनी कधी सोडली नाहीत.

टाऊन हॉलच्या संग्रहालयात आधी आबालाल पाहावेत, मग राजारामपुरीत मांडऱ्यांचं संग्रहालय. क्रम मात्र हाच ठेवावा.