चार-पाच मतांचा हिशेब

बाबासाहेबांना घटना समितीत बंगालने पाठविले, हे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते. वक्ता जेसोर-खुलन्याच्या मतदारांचे आभार मानतो, जोगेंद्रनाथ मंडलांचे नाव घेतो आणि टाळ्या पडतात. मंडलांचे ऋण मोठेच आहे. पण जेसोर-खुलन्यातल्या शेतकऱ्याने, मजुराने त्या निवडणुकीत मत दिलेच नव्हते. मताचा अधिकार होता तो प्रांतिक विधानसभेच्या सभासदांना. मी राज्यशास्त्र शिकवतो. वर्गातली मुले विचारतात, 'सर, बंगालात फेडरेशनचा एकच आमदार होता, मग बाबासाहेब निवडून आले कसे?' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मतमोजणीच्या नियमात आहे आणि तो नियम सभेत कोणी सांगत नाही.

१९४६ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. पुणे कराराने दिलेल्या राखीव जागा होत्या; पण अखेरचे मतदान संयुक्त. उमेदवार अस्पृश्य, त्याला निवडणारे बहुसंख्य सवर्ण. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई इलाख्यात एकही जागा मिळाली नाही. बंगालात ३० राखीव जागा होत्या. त्यांतून फेडरेशनचे एकटे मंडल आले. याच विधानसभांनी जुलै १९४६ मध्ये घटना समिती निवडली. कॅबिनेट मिशनच्या योजनेप्रमाणे दर दहा लाख लोकसंख्येमागे साधारण एक प्रतिनिधी, आणि सर्वसाधारण, मुस्लिम, शीख अशा प्रत्येक गटाच्या आमदारांनी आपापले प्रतिनिधी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने निवडायचे. मत एकच, पण ते पसंतीक्रमाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे. बंगालच्या वाट्याला ६० जागा आल्या, ३३ मुस्लिम आणि २७ सर्वसाधारण.

या पद्धतीचा कणा म्हणजे कोटा. निवडून यायला किमान किती मते लागतात तो आकडा. इंग्लंडातील वकील थॉमस हेअर यांनी १८५० च्या दशकात सोपा भागाकार सुचवला, मतांना जागांनी भागा. शंभर मते, तीन जागा, कोटा ३३. पुढे १८६८ मध्ये हेन्री ड्रूप या दुसऱ्या वकिलाने दाखवून दिले की इतकी मते लागतच नाहीत. जागांत एक मिळवा, त्याने भागा, आणि भागाकाराच्या वरचा पहिला पूर्णांक घ्या. तीन जागांना २६ मते पुरतात, कारण प्रत्येकी २६ मते मिळवणारे चौघे शंभरांत निघूच शकत नाहीत. ही नुसती आकड्यांची कसरत नव्हे. शंभरांत तीसजणांचा गट असेल तर तो हेअरचा कोटा गाठत नाही, ड्रूपचा गाठतो. कोट्यावरची मते वाया जात नाहीत, पुढच्या पसंतीकडे जातात. तळाचा उमेदवार बाद होतो, त्याचीही मते सरकतात.

आता बंगालचा भागाकार करू. जागा २७, म्हणून भाजक २८. मत देणारे आमदार शंभर धरले तर कोटा चार, सव्वाशे धरले तर पाच! प्रांतभरच्या बहुमताची गरजच उरली नाही. मंडलांनी आणखी काही अनुसूचित जातीच्या आमदारांची मने वळवली आणि एवढ्याने काम झाले. मुंबईत १९ सर्वसाधारण जागांसाठी सुमारे १४५ आमदार होते, कोटा आठ. फेडरेशनचे तेथे शून्य. म्हणजे घरचा दरवाजा बंद का होता आणि दूरचा का उघडला, हे आकडेच सांगतात. फाळणी ठरल्यावर बंगालची ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून, बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने आले. कोट्याने मिळालेली जागा आणि बहुमताने दिलेली जागा यांतला फरक अभ्यासकांनी विसरू नये.

मुंबई इलाख्यात १९३७ साली बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवारावर टाकता येत. तोही अल्पसंख्याकांच्या हाती कोट्यासारखेच हत्यार देणारा नियम. त्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबई शहरातून विजयी झाले. १९५२ साली उत्तर मुंबईत मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाला देण्यास कायद्याची मनाई. तेथे ते हरले. हरण्याची इतरही कारणे होती. नियम बदलला होता, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी ही प्रमाणशीर पद्धत मागितली, तेव्हा तिला विरोध खुद्द बाबासाहेबांनी केला. निरक्षर मतदार पसंतीचे आकडे कसे लिहिणार, आणि सभागृहाचे तुकडे झाले तर सरकार टिकणार कसे, हे त्यांचे आक्षेप. दुसरा आजही विचारात घ्यावा असा आहे. पहिल्याचे वजन माझ्या मते आता बरेच उतरले आहे. माझ्या घरात पाटी पहिल्यांदा मी धरली, माझ्या वर्गात मात्र निरक्षर कोणी नाही.

पसंतीक्रमाचा कोटा आज राज्यसभेच्या निवडणुकीत शिल्लक आहे. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांनी सहा जागा निवडायच्या तर सुमारे ४२ मते लागतात. मात्र २००३ पासून हे मतदान खुले झाले असून पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.