कोयनेचे पाणी आणि कृष्णेचा तळ

कृष्णेत मासे मरू लागले की सांगलीत मागणी ठरलेली असते: कोयना धरणातून पाणी सोडा. त्यामागची समजूत अशी की पाणी वाढले म्हणजे घाण पातळ होते, रोग हटतो आणि उरलेसुरले पावसाळ्यातला पूर धुऊन नेतो.

यात तथ्य नाही असे नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळच्या अंकली परिसरात पडला तसा मृत माशांचा खच एकाएकी पडतो, तेव्हा बहुधा मासे प्राणवायूअभावी गुदमरलेले असतात. अशा वेळी ताजे पाणी जीव वाचवते. रोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गुदमरण्यातून वाचलेल्या, कल्ल्यांना इजा झालेल्या, अंगावरचा बुळबुळीत थर गेलेल्या माशांना एरोमोनाससारखे जिवाणू आणि बुरशी गाठतात. त्यांना पोसणारा सेंद्रिय गाळ नदीच्या तळाशी असतो, आणि पाण्यातली घाण पातळ केल्याने तळ बदलत नाही.

पुराचा भरवसाही टिकत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. याहून मोठी धुलाई कोणती? तरीही 2023 चा मार्च टळला नाही. कारण उघड आहे. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) लागतात, पाणी थबकते आणि सांगलीच्या शेरीनाल्यासारख्या नाल्यांनी आणलेला मैला तिथेच बसतो. कोयनेच्या पायथा वीजगृहातून सुटणारे 2,100 क्युसेक पाणी सिंचनासाठी सोडलेले असते. ते एकसारख्या संथ गतीने येते आणि भरलेल्या बंधाऱ्यावरून पुढे जाते. खालचा गाळ जागचा हलत नाही.

पाणी पुरवून घाण पातळ करणे आणि तळ खरवडणे यांतला हा फरक अमेरिकेतील क्लॅमथ नदीत न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या सॅमन माशांच्या पिल्लांना मारणारा परजीवी एका बारीक किड्यात वाढतो, आणि तो किडा तळाच्या बारीक गाळात व शेवाळात राहतो. 2017 च्या आदेशाने तळ खरवडण्यासाठी सलग 72 तास 6,030 क्युसेक प्रवाह ठरवला आणि रोगबीज पातळ करण्यासाठी वेगळे पाणी राखून ठेवले. एकाच नदीत दोन कामे, म्हणून दोन हिशेब. तो 72 तासांचा प्रवाह सुमारे दीड टीएमसी भरतो. कोयनेची क्षमता 105 टीएमसी आहे. क्लॅमथचा आकडा जसाच्या तसा कृष्णेला लागू नाही. इथला गाळ कोणत्या वेगाला हलतो ते इथेच मोजावे लागेल.

पाणी शेतीचे आहे, ते माशांसाठी का उधळायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण मी जादा पाणी मागत नाही. सिंचनाच्या उन्हाळी आवर्तनातले काही दिवसांचे पाणी फेब्रुवारीत एकत्र, जोरात सोडावे. तेव्हा पाणी अजून गार असते, त्यात प्राणवायू जास्त मावतो. मे महिन्यात तोच गाळ ढवळला तर मासे आणखी मरतील. बंधारे त्या वेळी खालून उघडता आले पाहिजेत. भरल्या पाण्यात बरगे काढणे जिवावरचे काम आहे, म्हणून तळाशी लोखंडी दरवाजे हवेत. आणि हलवलेला गाळ नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शिरोळच्या माथी मारायचा नसेल, तर शेरीनाल्याचे पाणी नदीत शिरण्याआधी शुद्ध करण्याचे काम या सगळ्याच्या आधी पुरे व्हायला हवे.