शेवटचा हात

१२ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतल्या सांता फे शहरात अभिनेते अ‍ॅलेक बाल्डविन यांच्यावरचा, ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर गोळी लागून झालेल्या मृत्यूचा खटला मध्येच कोसळला, तेव्हा मुंबईत १३ तारखेची पहाट होत आली होती आणि मी जागी होते. कामगारांच्या अपघात-भरपाईचे दावे चालवण्यात माझी बहुतेक वकिली गेली. त्यात सिनेमाच्या सेटवरचे लाइटमन, सुतार, स्टंटवाले हेही आले. त्यामुळे हा परदेशातला खटला मी कामाच्या सवयीनेच पाहत होते. घटनेशी संबंध असू शकेल अशी काही काडतुसं एका माणसाने पोलिसांकडे आणून दिली होती आणि ती बचाव पक्षाला दाखवलीच गेली नव्हती. न्यायाधीश मेरी मार्लो सॉमर यांनी खटला रद्द केला, तोही पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने. बंदूक ज्याच्या हातात होती तो दोषी की निर्दोष, हे ठरायचं ते राहूनच गेलं.

सेटवर गोळी लागून माणूस मेला तर जाब कोणी द्यायचा, हा प्रश्न जवळजवळ सिनेमाइतकाच जुना आहे. त्याची उत्तरं काळाप्रमाणे बदलली. पण ती एकाखाली एक मांडली की माझ्यासारखीला ओळखीचा वळसा दिसतो.

आधी काडतुसाविषयी थोडं, कारण सगळा कायदा त्यावर अडतो. खऱ्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. ‘ब्लँक’मध्ये गोळी नसते, पण दारू असते, म्हणून जाळ आणि आवाज खरा निघतो. ‘डमी’चं उलट. त्यात गोळी दिसते, पण दारू नसते. रिव्हॉल्व्हरचं तोंड कॅमेऱ्याकडे असेल तर चक्रातल्या गोळ्यांची टोकं दिसावी लागतात, म्हणून डमी लागते. ती ओळखण्यासाठी पुंगळीला भोक पाडतात किंवा आत छर्रा टाकतात आणि कानाशी हलवून खुळखुळ ऐकतात. पडद्यावर खरी आणि डमी सारखीच दिसायला हवी, हे काम. हातात घेतल्यावर ती वेगळी कळायला हवी, हीही कामाचीच अट. या दोन्ही गोष्टी सांभाळायला नेमलेला माणूस म्हणजे आर्मरर.

सुरुवातीच्या काळात असा कोणी नव्हता आणि सेटवर खऱ्या गोळ्यांची बंदीही नव्हती. १९१५ साली सेसिल बी. डीमिल ‘द कॅप्टिव्ह’ हा चित्रपट करत होते. सैनिक बंद दार फोडतात असा प्रसंग होता. दाराच्या चिरफाळ्या खऱ्या दिसाव्यात म्हणून त्यावर आधी खऱ्या गोळ्या झाडल्या आणि मग सगळ्यांना ब्लँक भरायला सांगितलं. एका बंदुकीत खरी गोळी राहिली आणि एक एक्स्ट्रा जागीच मेला. त्याच्या विधवेचं नाव स्टुडिओच्या पगारपत्रकावर चढलं. कायद्याचा हात तिथे पोचायच्या आत मालकाच्या दयेने प्रकरण मिटवलं. भरपाईच्या कामात ही पद्धत मी आजही पाहते. विधवेला नोकरी देतात आणि कागदावर चूक कोणाचीच राहत नाही.

तीसच्या दशकातही फारसा फरक पडला नव्हता. १९३१च्या ‘द पब्लिक एनिमी’मध्ये जेम्स कॅग्नी भिंतीआड होतात न होतात तोच भिंतीचा कोपरा मशीनगनने उडतो. त्या गोळ्या खऱ्या होत्या. स्टुडिओने त्यासाठी नेमबाज ठेवला होता. पुढे १९३८च्या ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’च्या वेळी, आपण चौकटीत असताना गोळ्या झाडायच्या नाहीत असं कॅग्नी यांनी ठणकावलं. आपलं डोकं जिथे असतं तिथूनच एक गोळी गेली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. मधल्या काळात, १९३३ साली, नटांची संघटना उभी राहिली होती. पण त्यांचा नकार चालला तो ते कॅग्नी होते म्हणून. एक्स्ट्राने असा नकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरा एक्स्ट्रा आला असता.

पुढे खऱ्या गोळ्या मागे पडल्या आणि ब्लँक म्हणजे निर्धोक, असा समज रुजला. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी ‘कव्हर अप’ या मालिकेच्या सेटवर जॉन-एरिक हेक्सम हा २६ वर्षांचा नट चित्रीकरण लांबल्याने कंटाळला होता. ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर त्याने गंमत म्हणून कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. गोळी नव्हती, पण दाब इतका होता की कवटीचं हाड फुटून मेंदूत शिरलं. सहा दिवसांनी तो गेला. अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. चाप त्याच्याच बोटाने ओढला गेला होता, त्यामुळे भरलेलं शस्त्र रिकाम्या वेळात नटाच्या हातात का राहिलं, हे विचारण्याची फौजदारी कायद्याला गरज वाटली नाही.

त्याच दशकात एका वेगळ्या अपघाताने न्यायालयाचं दार उघडलं. २३ जुलै १९८२च्या पहाटे ‘ट्वायलाइट झोन’ चित्रपटाच्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून अभिनेते विक मॉरो आणि दोन लहान मुलं ठार झाली. मुलांना परवान्याशिवाय, रात्रीच्या कामाचे नियम मोडून आणलं होतं. दिग्दर्शक जॉन लँडिस, सहयोगी निर्माता, प्रॉडक्शन मॅनेजर, स्फोटांचा तंत्रज्ञ आणि वैमानिक अशा पाच जणांवर आरोप ठेवले गेले. सेटवरची अख्खी उतरंड एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहण्याचा तो पहिला प्रसंग. २९ मे १९८७ रोजी ज्युरीने पाचही जणांना सोडून दिलं. सगळ्यांनी मिळून केलेल्या हयगयीतला एकेकाचा वाटा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणं किती कठीण असतं, हे हॉलिवूडच्या वकिलांना त्या दिवशी नीट कळलं.

मग ३१ मार्च १९९३. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये ‘द क्रो’चं चित्रीकरण चालू होतं. ब्रूस ली यांचा मुलगा ब्रँडन, वय २८, किराण्याची पिशवी घेऊन दारातून आत येतो आणि खलनायक त्याच्यावर गोळी झाडतो, असा प्रसंग. या मृत्यूचं खरं कारण त्याआधीच घडून गेलं होतं. जवळून दाखवायच्या दृश्यासाठी डमी काडतुसं हवी होती आणि वेळ नव्हता. म्हणून खऱ्या काडतुसांतली दारू काढून सेटवरच डमी बनवल्या. प्रायमर मात्र तसेच राहिले. त्यातला एक उडाला. दारू नसल्याने गोळीला बाहेर पडण्याइतका जोर मिळाला नाही आणि ती नळीत अडकून बसली. नळी कोणी तपासली नाही. नंतर त्याच बंदुकीत ब्लँक भरला. ब्लँकच्या दारूने अडकलेली गोळी खऱ्यासारखी बाहेर फेकली. शस्त्रांचा जाणकार त्या दिवशी लवकर घरी पाठवला गेला होता.

चाप ओढणारे नट मायकल मॅसी यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. जिल्हा सरकारी वकिलांनी कोणावरही फौजदारी गुन्हा दाखल केला नाही. हयगय दिसते, पण गुन्हा ठरावा इतकी बेदरकारी दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. राज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने निर्मिती कंपनीला ८४,००० डॉलर दंड केला, तो पुढे ५५,०००वर आला. ब्रँडनच्या आईने लावलेला दिवाणी दावा तडजोडीने मिटला. विधवेला पगारपत्रकावर घेण्याऐवजी आता दंड आणि तडजोड होती. रक्कम वाढली, पण माणूस कोणीच सापडला नाही.

सापडला तो २०१५ साली, आणि तिथे बंदूक नव्हती. जॉर्जियात ‘मिडनाइट रायडर’चं चित्रीकरण रेल्वेची परवानगी नसताना रुळांवर चाललं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मालगाडी आली आणि सेरा जोन्स ही कॅमेरा सहायक चिरडली गेली. दिग्दर्शक रँडल मिलर यांनी गुन्हा कबूल केला आणि ते वर्षभर तुरुंगात राहिले. इथे दोष वरपर्यंत पोचला, कारण परवानगी नाकारल्याचा कागद होता. माझ्या धंद्यात कागदाला साक्षीदारापेक्षा जास्त आयुष्य असतं.

या पार्श्वभूमीवर ‘रस्ट’ पाहावा. २१ ऑक्टोबर २०२१, सांता फेजवळचं बोनान्झा क्रीक रँच. चर्चच्या सेटवर सराव चालू होता. सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांनी ‘कोल्ड गन’ असं जाहीर केलं होतं, म्हणजे बंदुकीत उडणारं काही नाही. बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. ४२ वर्षांच्या छायालेखिका हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. सेटवर आणखीही खरी काडतुसं सापडली. खरी गोळी सेटच्या आवारातही आणू नये, असं अमेरिकी चित्रपट उद्योगाचं सुरक्षा पत्रक सांगत होतं. पण ते पत्रक म्हणजे सल्ला, कायदा नव्हे.

त्याच सकाळी कॅमेरा विभागातले लोक राहण्याची आबाळ, पगार आणि सुरक्षा यांवरून काम सोडून गेले होते. आधीच्या दिवसांत चुकून बार उडाल्याच्या घटना घडल्या होत्या. आर्मरर हॅना गुटिएरेझ-रीड तेव्हा २४ वर्षांच्या होत्या आणि त्यांना प्रॉप्सचंही काम दिलेलं होतं. आर्मररच्या कामाचे दिवस त्यांना मोजून मिळाले होते. ते वाढवून मागितले, तेव्हा मिळाले नाहीत. हे सगळं राज्याच्या सुरक्षा खात्याने एप्रिल २०२२ मध्ये नोंदवलं आणि कंपनीला कायद्याने शक्य तेवढा कमाल दंड केला: १,३६,७९३ डॉलर. तडजोडीत तो १,००,००० झाला.

फौजदारी बाजूला काय झालं? हॉल्स यांनी आरोप लढवला नाही. त्यांना सहा महिन्यांचं प्रोबेशन आणि ५०० डॉलर दंड झाला. गुटिएरेझ-रीड यांना मार्च २०२४ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं आणि एप्रिलमध्ये १८ महिन्यांची कैद झाली, त्या कलमाखालची कमाल. सुरक्षित शस्त्र तुम्ही एकटीनेच प्राणघातक केलंत, अशा आशयाचं न्यायाधीश त्यांना बोलल्या. आणि बाल्डविन यांच्या खटल्याच्या तोंडावर त्याच न्यायाधीशांनी ठरवलं की ते सहनिर्माते होते ही बाब ज्युरीसमोर आणायची नाही. त्यांचा विचार फक्त बंदूक धरलेला नट म्हणून व्हायचा.

कायद्याच्या चौकटीत दोन्ही गोष्टींना आधार आहे, हे मी वकील म्हणून मान्य करते. गुटिएरेझ-रीड यांची हयगय पुराव्याने सिद्ध झाली आणि तिची शिक्षा त्यांनी भोगायलाच हवी होती. पण ‘एकटीनेच’ मला पटत नाही. सुरक्षा खात्याच्या कागदांत जी माणसं होती, त्यांचे निर्णय दंडाच्या रकमेत विरघळले. फौजदारी न्यायालयाने पाहिला तो गोळीच्या सर्वांत जवळचा हात.

आपल्याकडे काही निराळं झालं असतं का? हयगयीने मृत्यू घडवण्याचं कलम ३०४-अ दंडसंहितेत १८७० साली आलं, कमाल शिक्षा दोन वर्षं. बाल्डविन यांचा खटला कोसळण्याच्या जेमतेम अकरा दिवस आधी, १ जुलै २०२४ रोजी, त्याची जागा न्याय संहितेच्या कलम १०६ने घेतली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. पण जबाबदारी कोणावर, याचं सूत्र जुनंच आहे. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात १९६२ साली आग लागून सात कामगार मेले. ज्वालाग्राही सामान ठेवलेल्या खोलीतच शेगड्या पेटवून काम करायची मुभा व्यवस्थापकाने दिली होती. कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतलं आणि भडका उडाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाला ३०४-अमधून सोडलं. मृत्यूचं थेट कारण त्याची कृती नव्हती, मध्ये कामगाराची हयगय आली, म्हणून. आगीबाबतच्या निष्काळजीपणाची किरकोळ शिक्षा तेवढी कायम राहिली. थेट कारणाचं हे सूत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या १९०२ सालच्या निकालातलं. हे निकाल मी स्वतः माझ्या युक्तिवादांत वापरले आहेत, त्यामुळे त्यांचा जोर मला माहीत आहे. ‘रस्ट’चा सेट गोरेगावात असता, तरी आरोपपत्राच्या टोकाला आर्मररच दिसली असती.

भरपाईच्या कायद्यात तर चूक कोणाची हे बहुधा विचारतच नाहीत. कामावर असताना इजा झाली की मालकाने पैसे द्यायचे. घरच्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण त्यामुळे, दिवस कोणी कापले, माणूस लवकर घरी कोणी पाठवला, दोन कामं एकाच पगारात कोणी बसवली, हे प्रश्न कुठल्याच दालनात उभे राहत नाहीत. भरपाईच्या कोर्टात त्यांची गरज नसते आणि फौजदारी कोर्टात ते ‘थेट कारण’ ठरत नाहीत.

शिक्षा वाढवून हे सुटणार नाही. ‘मिडनाइट रायडर’ मला जास्त शिकवून जातो. शस्त्र असलेल्या प्रत्येक दिवसाच्या कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या पत्रकावर, आर्मरर कोण, तो पूर्ण वेळ आहे का आणि सेटवर कोणती काडतुसं आली, हे लिहिलेलं असावं. त्याने जादा दिवस किंवा मदतनीस मागितला आणि तो नाकारला, तर नाकारणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही त्याच कागदावर घ्यावी. धोक्याची लेखी सूचना मिळूनही नकार देणाऱ्याला, मध्ये दुसऱ्याची हयगय आली, एवढंच म्हणून सहज सुटता येणार नाही. आणि पंचनामा करणारा अंमलदार बंदुकीबरोबर तो कागदही जप्त करू शकेल.