इमॅन्युएल सेलर आणि अमेरिकेचा १९६५ चा प्रवेशविषयक कायदा

कायम वस्तीसाठी येणाऱ्या परदेशीयांस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोणत्या कसोटीवर प्रवेश द्यावा, या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः अध्यक्षांच्या नावांनी सांगितला जातो. १९५२ चा नकाराधिकार ट्रुमन यांचा, १९६३ चा संदेश केनेडी यांचा आणि १९६५ चा कायदा जॉन्सन यांचा, अशी ती मांडणी असते. या तिन्ही प्रसंगी, आणि त्यापूर्वी १९२४ मध्येही, एकच गृहस्थ प्रतिनिधिगृहात सभासद म्हणून उपस्थित होते, ही गोष्ट मात्र सहसा दृष्टिआड होते. ते गृहस्थ म्हणजे न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन विभागाचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर (१८८८–१९८१) होत. १९२३ च्या मार्चपासून १९७३ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, ते त्या सभागृहात होते. त्यांनी या प्रश्नावर मांडलेली बाजू कोणत्या तत्त्वावर उभी होती आणि ती विजयी होण्यासाठी त्या तत्त्वास कोठे मुरड घालावी लागली, एवढ्याच गोष्टीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ज्या कायद्याविरुद्ध हा लढा होता त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. १९२१ च्या तात्पुरत्या कायद्याने प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा ठरविला. त्या देशात जन्मलेले जितके लोक १९१० च्या खानेसुमारीत अमेरिकेत नोंदले गेले होते, त्यांच्या ३ टक्के इतका तो होता. १९२४ च्या जॉन्सन-रीड कायद्याने हे प्रमाण २ टक्क्यांवर आणले आणि आधारासाठी १९१० ऐवजी १८९० ची खानेसुमारी घेतली. खानेसुमारीचे वर्ष बदलणे हा वरवर पाहता केवळ हिशेबी तपशील वाटतो. वस्तुतः सारा डाव त्यातच होता. दक्षिण व पूर्व युरोपातील इटालियन, ग्रीक, पोलिश व ज्यू लोकांचा मोठा लोंढा आला तो १८९० नंतर. जुनी खानेसुमारी आधारास घेतल्याबरोबर इटलीचा कोटा ४२ हजारांवरून ४ हजारांच्या आत आला, आणि तरीही कायद्याच्या मजकुरात कोणत्याही युरोपीय राष्ट्राविरुद्ध एक शब्दही लिहावा लागला नाही. १९२९ पासून याहून सूक्ष्म अशी ‘मूळ राष्ट्रा’ची पद्धत अंमलात आली. अमेरिकेच्या गोऱ्या लोकसंख्येत ज्या राष्ट्राच्या रक्ताचा जितका अंश, तितका त्या राष्ट्राचा कोटा. वर्षास एकंदर १,५३,७७४ जागा. त्यांपैकी ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांस ६५,७२१, इटलीस ५,८०२ आणि ग्रीसला ३०७!

आशियातील लोकांच्या बाबतीत एवढाही हिशेब करण्याची गरज कायदेकर्त्यांस भासली नाही. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा बहुतेक भाग निषिद्ध क्षेत्र ठरलाच होता. १९२४ च्या कायद्याने, जे नागरिकत्वास अपात्र त्यांस प्रवेशही नाही, असा नियम केला. नागरिकत्वास कोण पात्र याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिला होता: भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे. या खटल्यात थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे होते. निकालानंतर पुष्कळ भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्व रद्द करण्यात आले. खुद्द पंडितांवरही तोच प्रसंग आला. परंतु त्यांनी न्यायालयात झगडून आपले नागरिकत्व टिकविले, व १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

१९२४ च्या एप्रिलमध्ये जॉन्सन यांचे विधेयक प्रतिनिधिगृहात ३२३ विरुद्ध ७१ मतांनी संमत झाले. सेलर हे त्या ७१ पैकी एक होते. सभागृहात त्यांचे हे पहिलेच वर्ष होते, आणि पहिले महत्त्वाचे भाषण त्यांनी याच विषयावर केले. उत्तर युरोपीय वंश श्रेष्ठ ही कल्पना निराधार आहे आणि १८९० च्या खानेसुमारीची निवड हा उघड पक्षपात आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. येथे एक आक्षेप येतो तो टाळून चालणार नाही. ब्रुकलिनमधील त्यांच्या मतदारांत नव्याने आलेल्या लोकांची व त्यांच्या मुलाबाळांची संख्या मोठी होती; ते स्वतःही ज्यू होते. तेव्हा ही भूमिका तत्त्वाची की मतांच्या हिशेबाची? हिशेबाचा अंश तीत मुळीच नव्हता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्या हिशेबाने १९४६ चा कायदा उलगडत नाही.

१९४६ चा हा कायदा ल्यूस-सेलर कायदा म्हणून ओळखला जातो. कनेटिकटच्या रिपब्लिकन सभासद क्लेअर बूथ ल्यूस आणि डेमोक्रॅट सेलर यांनी तो पुढे रेटला. बाहेरून ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’चे जे. जे. सिंग यांनी त्यासाठी अविश्रांत खटपट केली. २ जुलै १९४६ रोजी ट्रुमन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि भारतीयांस नागरिकत्वाचा हक्क व वर्षास १०० जागांचा कोटा मिळाला. १९४० च्या खानेसुमारीत सबंध अमेरिकेतील भारतीय सुमारे २,४०० होते, आणि त्यांतील बहुतेकांस मताचा अधिकारच नव्हता. अशा लोकांच्या बाजूने उभे राहून ब्रुकलिनमध्ये एकही मत वाढण्यासारखे नव्हते. युद्धकाळात भारताची मैत्री हवी, चीनला १९४३ मध्ये दिले ते भारताला नाकारणे शोभत नाही, स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाशी व्यापार वाढेल, हे राजनैतिक युक्तिवाद त्या वेळी पुढे केले गेले व तेच बहुमत मिळविण्यास उपयोगी पडले, हे खरे. तथापि १०० हा आकडा पाहिला म्हणजे तत्त्व आणि तडजोड यांची सांगड सेलर कशी घालीत याची प्रथम कल्पना येते. दार किलकिले झाले. दाराची चौकट मात्र १९२४ चीच राहिली.

ती चौकट १९५२ मध्ये उलट अधिक पक्की झाली. मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने वंशाच्या कारणास्तव नागरिकत्व नाकारण्याची चाल बंद केली, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु मूळ राष्ट्राचा कोटा कायम राहिला, आणि आशिया-पॅसिफिक त्रिकोण म्हणून एक नवीन क्षेत्र आखण्यात आले. ज्याच्या रक्तात या क्षेत्राचा निम्मा अंश आहे असा मनुष्य जगात कोठेही जन्मलेला असो, तो आशियाई कोट्यात मोजला जाई. लंडनमध्ये भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेला मुलगा ब्रिटनच्या विपुल कोट्यातून येऊ शकत नसे. सेलर यांनी या विधेयकास विरोध केला. ट्रुमन यांनी २५ जून १९५२ रोजी नकाराधिकार वापरला, आणि दोनच दिवसांत दोन्ही सभागृहांनी तो मोडून काढला. प्रतिनिधिगृहातील मते २७८ विरुद्ध ११३ होती. सेलर त्या वेळी न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते, तरी त्याच समितीचे वॉल्टर त्यांच्यावर मात करू शकले, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. १९५५ पासून सेलर पुन्हा अध्यक्ष झाले. पण प्रवेशविषयक उपसमिती १९६३ पर्यंत वॉल्टर यांच्या हाती होती, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ती मायकेल फीगन यांच्याकडे गेली. अमेरिकन काँग्रेसमध्ये बहुमतापेक्षा उपसमितीचा दरवाजा कित्येकदा अधिक अरुंद असतो.

दरम्यान कायद्याचा व्यवहारात बोजवारा उडत चालला होता. ब्रिटनच्या कोट्यातील हजारो जागा दरसाल रिकाम्या राहत, आणि इटली व ग्रीस येथील अर्जदार वर्षानुवर्षे तिष्ठत बसत. १९५२ नंतरच्या काळात आलेल्यांपैकी दोनतृतीयांशांच्या आसपास लोक कोट्याबाहेरून, विशेष कायद्यांनी व अपवादांनी आले. यामुळे सेलर यांच्या बाजूस दोन पाय लाभले. एक नैतिक: जन्मस्थान हा मनुष्याचा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. दुसरा व्यावहारिक: हा कायदा आपला हेतूही साधत नाही. केनेडी यांच्या २३ जुलै १९६३ च्या संदेशानंतर आणि विशेषतः १९६४ च्या निवडणुकीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचंड विजयानंतर या बाजूस बहुमत मिळणे शक्य झाले. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा सेलर यांच्याच समितीतून बाहेर पडला होता. घरातील नागरिकांत वर्णभेद नको म्हणणाऱ्या राष्ट्राने दारावर तो ठेवणे उत्तरोत्तर अवघड होत गेले.

तरीही विधेयक जसेच्या तसे पार पडले नाही. सरकारी मसुद्यात निम्म्या जागा कौशल्यप्राप्त लोकांसाठी होत्या. फीगन यांनी तो क्रम उलटविला: पूर्व गोलार्धाच्या १,७०,००० जागांपैकी ७४ टक्के आप्तस्वकीयांस, २० टक्के व्यावसायिकांस व कामगारांस आणि ६ टक्के निर्वासितांस. जे येथे आहेत त्यांचेच आप्त येतील, आणि येथे आहेत ते बहुतांशी युरोपीय, तेव्हा लोकसंख्येचा रंग बदलणार नाही, अशी प्रतिबंधवाद्यांची अटकळ होती. सभागृहातील चर्चेत सेलर यांनीही याच अर्थाची हमी दिली: आशियाई व आफ्रिकी लोकांचे आप्त अमेरिकेत फार थोडे असल्याने त्यांच्यापैकी येणारे तुलनेने थोडेच असतील. २५ ऑगस्ट १९६५ रोजी विधेयक ३१८ विरुद्ध ९५ मतांनी संमत झाले. ३ ऑक्टोबर रोजी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी स्वाक्षरी करताना जॉन्सन यांनीही, हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असेच सांगितले.

ही हमी अजाणतेपणी दिली की जाणूनबुजून? सेलर यांचे आत्मवृत्त १९५३ मध्येच प्रसिद्ध झाल्यामुळे या बाबतीत त्याचा उपयोग होत नाही. चर्चेच्या वृत्तांतावरूनच अनुमान केले पाहिजे. आमच्या मते ती लबाडी नव्हती. तत्कालीन आकड्यांवरून तसे अनुमान निघणे स्वाभाविक होते. परंतु ४१ वर्षे ‘कोठून आला हे विचारू नका’ असे म्हणणाऱ्या मनुष्याने विजयाच्या क्षणी ‘तेथून फारसे कोणी येणार नाही’ असे सांगून मते मिळवावी, यात एक मोठी उणीव आहे. समतेचे तत्त्व मान्य झाले ते त्याच्या परिणामांस मान्यता न मिळवताच. पुढे परिणाम दिसू लागले तेव्हा, आम्हांला हे सांगितलेच नव्हते, अशी तक्रार करण्यास विरोधकांस जागा मिळाली, आणि ती तक्रार आजही ऐकू येते.

सेलर यांची मानवतादृष्टी सर्वव्यापी होती असेही नव्हे. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी आपल्या समितीत वर्षानुवर्षे अडवून धरली. १९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी त्यांचा पराभव केला, त्यामागे हेही एक कारण होते.

दुसरी मुरड याहून गंभीर होती. १९२४ च्या कायद्याने अमेरिका खंडांतील देशांवर संख्येची मर्यादा घातली नव्हती. सिनेटमधील प्रतिबंधवाद्यांनी ती आता मागितली, आणि १९६८ च्या जुलैपासून पश्चिम गोलार्धास १,२०,००० ची मर्यादा लागू झाली. १९४२ पासून चालत आलेली मेक्सिकन शेतमजुरांची करारपद्धती १९६४ च्या अखेरीस नुकतीच बंद झाली होती. शेतांना मजूर हवे होते, मजुरांना काम हवे होते, आणि कायद्याचा मार्ग दोन्ही बाजूंनी आवळला गेला. १९७६ मध्ये मेक्सिकोसही २०,००० ची देशवार मर्यादा लागली. पूर्वी हंगामी मजूर म्हणून येणारा मनुष्य त्याच वाटेने येऊन आता बेकायदा ठरला. मे नाय यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे, ते योग्यच आहे.

भारताच्या बाबतीत हमी खोटी ठरली ती आप्तांमुळे नव्हे, निदान आरंभी तरी नव्हे. १९६५ मध्ये भारतातून कायम वस्तीसाठी गेलेले लोक काही शेकड्यांत मोजण्याइतके होते. १९७० च्या सुमारास ही संख्या वर्षास दहा हजारांच्या घरात गेली. जे गेले ते प्रामुख्याने व्यावसायिकांच्या जागांवर. वृद्धांसाठी सरकारी वैद्यकीय विमा १९६५ मध्येच सुरू झाल्याने डॉक्टरांची मागणी वाढली होती, आणि भारतातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतून इंग्रजीत शिकलेले पदवीधर बाहेर पडत होते. मुंबई, पुणे व नागपूर येथील पदवीधरही त्यांत होते. मग त्यांचे आप्त गेले. अमेरिकेतील भारतजन्मांची संख्या १९७० मध्ये सुमारे ५१ हजार होती, ती १९८० मध्ये दोन लाखांवर गेली. १९८१ मध्ये तेथील मराठी मंडळांनी एकत्र येऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले.

देशवार समान मर्यादा हे सेलर यांच्या समतेचे साधन होते: ब्रिटनला २०,०००, भारताला २०,०००. परंतु ही समता देशादेशांतील होती, माणसामाणसांतील नव्हे. अर्जदार कोठे जन्मला हे विचारल्यावाचून तिचा हिशेबच होत नाही. १९९० च्या कायद्याने ही मर्यादा एकंदर जागांच्या ७ टक्के ठरविली, आणि भारतात जन्मलेल्या अभियंत्यांची रांग कित्येक वर्षे, काही प्रकारांत दशके, लांबत गेली. व्यावसायिकांपुरती ही मर्यादा काढून टाकणारे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याचा वेगळा मसुदा संमत केला. दोहोंचा मेळ बसला नाही, आणि विधेयक कायद्यात उतरले नाही.